ऑस्ट्रेलियन कंट्री गायक स्लिम डस्टीचा टीव्हीवरचा कुठला कार्यक्रम आधी बघावा?

माझं विचाराल तर डोळे झाकून सिडनी ऑलिंपिकचा समारोप, १ ऑक्टोबर २०००. तशी अख्खी मैफल नाहीये ती, त्याच्या वाट्याला एकच गाणं होतं, पण तेवढ्यात हा माणूस ऑस्ट्रेलियाला एवढा का प्रिय ते कळतं.

एवढा रॉक पॉपचा धुमधडाका चालू असतो आणि शेवटाकडे हा ७३ वर्षांचा म्हातारा एकटाच येतो, डोक्यावर ती कड वळवलेली हॅट, गळ्यात गिटार, आणि ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ सुरू करतो, की लाखभर लोकांचं स्टेडियम त्याच्याबरोबर गायला लागतं. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो, खरंच!

आणि गाणं तरी कसलं, तर रानात मुक्काम टाकलेला एक भटका मजूर मेंढी चोरतो, पोलीस येतात आणि हा हाती लागण्यापेक्षा पाण्यात उडी घेतो. यात झेंडा नाही, जयजयकार नाही, तरी तिथे ते जवळजवळ राष्ट्रगीतच मानतात. मला त्यांची ही देशभक्ती फार आवडते.

डस्टीचं खरं नाव डेव्हिड गॉर्डन कर्कपॅट्रिक, केम्प्सी गावाजवळ दूधदुभत्याच्या शेतावर वाढलेला, ११ व्या वर्षी स्वतःच ‘स्लिम डस्टी’ हे नाव घेतलं. १९५७ चं त्याचं ‘अ पब विथ नो बिअर’ हे गाणं प्रचंड गाजलं. ऑलिंपिकच्याच वर्षी त्याचा १०० वा अल्बम आला, २००३ मध्ये तो गेला.

व्हिडिओ बघताना आवाज मोठा ठेवा, गर्दीचा कोरस नीट ऐकू यायला हवा.