बारावी गोव्यात की इंग्लंडमध्ये? मुलांच्या पदवीचा खर्च इथेच ठरतो

पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेलेली फोंडा, डिचोली, पेडणे भागातली अनेक कुटुंबे मुलांना गोव्यात आजी-आजोबांकडे ठेवतात. बारावी इथेच होऊ दे, मग तिकडे नेऊ, असा बेत असतो. मुलाचा अभ्यास विस्कळीत होऊ नये ही काळजी रास्त आहे, पण पैशांच्या बाबतीत हा बेत फार महाग पडतो. पदवीसाठी ब्रिटिश सरकारचे कर्ज देताना विद्यार्थी आधीची तीन वर्षे कुठे राहत होता ते पाहिले जाते. सप्टेंबर २०२९ चा प्रवेश हवा असेल, तर १ सप्टेंबर २०२६ च्या आत मूल तिकडे राहायला गेलेले हवे. मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यात येऊन गेल्याने काही बिघडत नाही. पण भारतात शिकण्यात गेलेली वर्षे मोजली जात नाहीत. अठराव्या वर्षी गेलेल्या मुलाला बहुधा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते, आणि ती स्थानिक फीच्या दुप्पट-तिप्पटही असू शकते. म्हणून न्यायचेच असेल तर दहावीनंतर लगेच न्या, आणि पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याच्या निवासी दर्जाचा अर्ज करा.

दर्जा 'सेटल्ड' (कायम वास्तव्याचा) आहे की 'प्री-सेटल्ड' (तात्पुरता) यावर पुढचे अवलंबून आहे. नुसत्या प्री-सेटल्डवर साधारणपणे फीचेच कर्ज मिळते, राहण्या-खाण्याचे नाही. मात्र आई किंवा वडील युरोपीय नागरिक म्हणून तिथे नोकरी करत असतील, तर त्या आधारावर दोन्ही कर्जे मागता येतात. अनेक घरांना हे माहीतच नसते. अर्जात तो पर्याय निवडा आणि पगाराच्या पावत्या व पी-६० (मालकाने दिलेला वर्षाच्या पगार-कराचा दाखला) जोडा.

२०२५-२६ मध्ये इंग्लंडमधली कमाल फी ९,५३५ पौंड होती. फीचे कर्ज थेट विद्यापीठाला जाते, त्यासाठी घरचे उत्पन्न पाहत नाहीत. राहण्याच्या कर्जाला मात्र पाहतात. कुटुंबाचे उत्पन्न २५,००० पौंड किंवा त्याहून कमी असेल, तर त्या वर्षी घरी राहणाऱ्याला ८,८७७, लंडनबाहेर वेगळे राहणाऱ्याला १०,५४४ आणि लंडनमध्ये वेगळे राहणाऱ्याला १३,७६२ पौंडांपर्यंत मिळत होते. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचे धरतात. दरम्यान काम सुटून ते १५ टक्क्यांनी किंवा अधिक घटले असेल, तर चालू वर्षाचे उत्पन्न धरण्याची विनंती करता येते. वडील गोव्यात असतील आणि आईवडील विभक्त नसतील, तर वडिलांचे उत्पन्नही मोजले जाते. त्यांची पेन्शन, म्हापशाच्या फ्लॅटचे भाडे हे लपवू नका.

बर्सरी म्हणजे परत न करायची मदत. ती विद्यापीठ देते, आणि ती हुकण्याचे एक कारण अगदी साधे असते. स्टुडंट फायनान्सच्या, म्हणजे याच सरकारी कर्जाच्या, अर्जात उत्पन्नाची माहिती विद्यापीठाला कळवायला संमती विचारतात, आणि पालक घाबरून 'नाही' म्हणतात. मग मूल पात्र असूनही विद्यापीठाला ते कळत नाही. विद्यार्थी आणि पालक, दोघांचीही संमती लागते. इंग्लंडमध्ये नर्सिंगला जाणाऱ्यांसाठी वर्षाला ५,००० पौंडांचे एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, अनुदान आहे, तेही परत करायचे नाही. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ नावावर जातो. पोर्तुगीज नोंदीत 'कामोतिम', भारतीय दाखल्यात 'कामत', असे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

कर्ज म्हटले की आपल्या माणसांना धडकी भरते, आणि ते टाळायला गावचे भाट (बागायत) विकायचा विचार सुरू होतो. तसे करू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून पुढे पदवी सुरू केलेल्यांना २५,००० पौंडांच्या वरच्या कमाईवर ९ टक्के भरावे लागतात. ३०,००० पगार असेल तर वर्षाला ४५० पौंड, म्हणजे महिन्याला साडेसदतीस. कमाई त्या मर्यादेखाली गेली की हप्ता थांबतो आणि ४० वर्षांनी शिल्लक माफ होते. चांगल्या पगाराचा मुलगा मात्र जवळजवळ सगळे फेडतो, हेही धरून चला. पदवीनंतर तो गोव्यात किंवा दुबईत गेला तरी कर्ज सुटत नाही. त्या देशासाठी वेगळी मर्यादा लागते, आणि न कळवल्यास ठरावीक मासिक हप्ता लावतात.

सरकारी कर्ज बसतच नसेल, तर उरते भारतातल्या बँकेचे कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेनुसार परदेशी शिक्षणासाठी ४ लाखांवरच्या कर्जात १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, आणि साडेसात लाखांपुढे तारण लागते. गोव्यात घोडे इथेच अडते: एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नसते. शिवाय आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नानंतरची मालमत्ता सहसा दोघांची असते, म्हणून गहाण ठेवायला जोडीदाराची सहीही लागते. ती परदेशातून मुखत्यारपत्राने करायची असेल, तर बँकेकडून मसुदा आधी तपासून घ्या आणि मगच वकिलातीत जा.