पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर वाढलेला दाब

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी माझ्या ६१ वर्षांच्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता, म्हणून शस्त्रक्रिया करून डोळ्यात सिलिकॉन तेल भरले. पडदा आता जागेवर आहे, पण गेल्या तपासणीत डोळ्याचा दाब ३४ निघाला आणि काचबिंदूचे थेंब सुरू झाले. शस्त्रक्रिया चुकली का? तेल काढल्यावर थेंब बंद होतील का?

उत्तर : केवळ दाब वाढला म्हणून शस्त्रक्रिया चुकली असे म्हणता येत नाही, हा या शस्त्रक्रियेचा परिचित उपद्रव आहे. मात्र तो हलका समजू नका. डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो आणि ३४ इतका दाब टिकून राहिला, तर काहीही न दुखता मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस सुकत जाते. नसेची ती हानी पुढे कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

डोळ्यात सतत पाणी तयार होते आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते बाहेर जाते. कालांतराने तेलाचे सूक्ष्म थेंब सुटून या जाळीत अडकतात; तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वरच्या बाजूला अधिक साचतात, आणि आरशाच्या भिंगातून डॉक्टरांना ते दिसू शकतात. दुसरे कारण पुष्कळदा नजरेतून सुटते, ते म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. सूज उतरण्यासाठी दिलेले हे थेंब काही जणांच्या डोळ्यांचा दाब वाढवतात. म्हणून वडील ते अजून घालत आहेत का, हे डॉक्टरांना अवश्य सांगा, परंतु स्वतःहून बंद करू नका. वडिलांना दमा असेल तर तेही सांगा, कारण काचबिंदूवर देतात ते टिमोलॉल या औषधाचे थेंब दमेकऱ्यांना घातक ठरू शकतात.

तेल काढल्यावर अनेकांचा दाब उतरतो, पण सर्वांचा नाही. जाळी आधीच निकामी झाली असेल, तर काचबिंदूचे थेंब चालू ठेवावे लागतात. त्यांनीही दाब आवरला नाही, तर लेझर किंवा पाण्याला वाट करून देणारी नळी बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. शिवाय तेल घाईने काढल्यास पडदा पुन्हा सुटण्याची भीती असते, म्हणून त्याची वेळ पडद्याच्या तज्ज्ञांनी आणि काचबिंदूच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. तोवर थेंबांची एकही वेळ चुकू देऊ नका. आणि डोळा ठणकू लागला, उलटी झाली किंवा नजर अचानक धूसर झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.