हात गुलाबी झाले तरी सुटला कसा?

प्रश्न : आमच्या तालुक्यातला एक क्लार्क सातबाऱ्याच्या नोंदीसाठी ३ हजार घेताना रंगेहाथ सापडला, पेपरात फोटो पण आला. आता कोर्टाने निर्दोष सोडलाय, तक्रारदार फितूर झाला म्हणतात. मग सापळा, पंच, पावडर सगळं वाया गेलं का?

उत्तर : वैताग येणारच. पण त्या पावडरचं काम तेवढंच असतं हो. फिनॉल्फ्थॅलिन लावलेल्या नोटा हाताळल्या आणि हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, त्यावरून नोटांना हात लागला एवढं कळतं, पैसे कसले होते ते काही पाणी सांगत नाही. मग आरोपीचा वकील म्हणणारच, उसने परत मिळाले, नाहीतर तक्रारदाराने जबरदस्तीने खिशात कोंबले.

म्हणून कोर्ट आधी मागणी शोधतं. लाच मागितली आणि घेतली, दोन्ही सिद्ध झालं की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २० प्रमाणे कोर्ट गृहीत धरतं की ते कामासाठीच होतं, आणि मग तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. नुसते पैसे सापडले तर इथवर गाडी येतच नाही.

बरं, तक्रारदार फिरला की केस संपली असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता या लाचेच्या आरोपी सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायाधीशांनी सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी बाकीच्या साक्षींवरून, परिस्थितीवरून मागणी सिद्ध करता येते. आणि गंमत बघा, त्या केसमध्येही तक्रारदार साक्षीआधीच वारलेला, विजेच्या मीटरचं प्रकरण होतं, पुढे मार्च २०२३ मध्ये हाच नियम लावून पुरावा तपासला तर मागणी काही सिद्ध होईना, त्यामुळे नीरज दत्ता स्वतः सुटल्या! दार उघडलं म्हणजे आत जाता येतंच असं नाही.

मग सगळा भार येतो सोबत पाठवलेल्या पंचावर, म्हणजे साक्षीदारावर, आणि लाच खरंच मागतोय का याच्या सापळ्याआधीच्या पडताळणीच्या रेकॉर्डिंगवर. पंच बहुतेक दुसऱ्या खात्याचा कर्मचारी असतो, त्याने 'साहेब म्हणाले आणलेत का' एवढं जरी ठाम सांगितलं तरी केसमध्ये जीव राहतो, पण 'मी दारापाशी होतो, नीट ऐकू आलं नाही' म्हणाला की संपलं. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना कायद्याने लागणारं प्रमाणपत्र नीट जोडलेलं नसेल तर तेही बाद, आणि हा निष्काळजीपणा मला फितुरीपेक्षा जास्त चीड आणतो.

निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर असेल. तक्रारदाराचं राहू द्या, आधी पंचाची उलटतपासणी वाचा.