1950-60 मधल्या स्विस पोस्टर, लोगो, फॉन्टमध्ये नेमकं बघायचं काय? ती नजर कशी येते?

तुम्ही विचारलंय की या काळातल्या पोस्टरांचं आणि कव्हरांचं सगळे इतकं कौतुक करतात पण तुम्हाला त्यात पांढरा कागद आणि कोपऱ्यात चार अक्षरं एवढंच दिसतं, मग यात आवडण्यासारखं आहे काय. मी पुस्तकांची मांडणी करायचं काम करतो आणि तरीही पहिली कित्येक वर्षं मला अगदी हेच वाटायचं. चांगलं आहे हे मान्य होतं, पण बघून आत काही हलायचं नाही.

ते बदललं एका पोस्टरमुळे. योसेफ म्युलर-ब्रोकमान हा झुरिकचा डिझायनर, तिथल्या टोनहाले या कॉन्सर्ट हॉलसाठी त्याने वर्षानुवर्षं पोस्टरं केली, त्यातलं 1955 चं बीथोवनचं पोस्टर बहुतेक तुमच्याही बघण्यात आलं असेल. पांढऱ्यावर काळ्या कमानी, एकाच केंद्राभोवती फिरणाऱ्या, काही बारीक काही प्रचंड जाड, आणि त्या जिथून फिरतात तिथे शांतपणे बसलेला छोटासा मजकूर. ना बीथोवनचा चेहरा, ना पियानो, ना व्हायोलिन. मी एका दुपारी ट्रेसिंग पेपर ठेवून ते गिरवायला बसलो, काही शिकायचं वगैरे डोक्यात नव्हतं, हाताला काम म्हणून. गिरवता गिरवता कळलं की कमानींची जाडी मनाला येईल तशी नाहीये, ती दुपटीदुपटीने वाढत जाते, आणि कमान कुठे सुरू होणार कुठे थांबणार तेही वर्तुळाचे सारखे भाग पाडून ठरवलंय. म्हणजे एकपट, दुगुन, चौगुन. ज्याला लयीचा थोडाफार कान आहे त्याला हे लगेच पोचेल. माणसाने संगीताचं चित्र काढलं नाही, संगीत ज्या हिशोबावर उभं असतं तो हिशोब कागदावर मांडला. मग मी ट्रेसिंगवरची एक कमान कापून थोडीशी फिरवून ठेवली, जेमतेम दोन बोटं, आणि सगळं पोस्टर ढिलं पडलं. काय बिघडलं ते बोट ठेवून सांगता येईना पण बिघडलं हे डोळ्याला स्वच्छ दिसत होतं. त्या दुपारपासून मी अशी कामं बघताना एकच करतो, मनातल्या मनात एक वस्तू हलवतो. मथळा थोडा वर घेतो, फोटो मधोमध आणतो, लाल ठिपका पुसतो. बहुतेक वेळा हलवलेलं परत जागेवर ठेवावं लागतं. माझ्या मते नजर येणं म्हणतात ते एवढंच आहे, म्हणजे समोरचं काम हे कुणीतरी घेतलेले निर्णय म्हणून बघता येणं.

आता तुमचा मुख्य मुद्दा, रिकामी जागा. याबद्दल एक गोष्ट माहीत झाली की बघणं खूपच बदलतं, ती म्हणजे खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत रिकामी जागा रिकामी नसते. आज आपण स्क्रीनवर मजकूर टाकतो आणि उरलेली जागा आपोआप पांढरी राहते. पण तेव्हा जुळारी एकेक खिळा जुळवायचा, आणि दोन शब्दांमधली, दोन ओळींमधली, मजकुराच्या आजूबाजूची प्रत्येक मोकळी जागा म्हणजे शिशाचा किंवा लाकडाचा खराखुरा तुकडा असायचा, खिळ्यापेक्षा उंचीने कमी, म्हणून त्याला शाई लागायची नाही इतकंच. तो तुकडा नसेल तर सगळा मजकूर चौकटीत हलेल, सुटून पडेल. म्हणजे कोऱ्या भागाचंसुद्धा माप घ्यावं लागायचं, तो शोधून हाताने बसवावा लागायचा. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला शिकवणारा एमिल रुडर स्वतः जुळारी म्हणूनच तयार झालेला माणूस, आणि तो विद्यार्थ्यांना अक्षराइतकंच अक्षराच्या आतलं आणि दोन अक्षरांमधलं पांढरं बघायला लावायचा, त्याच्या 1967 च्या टायपोग्राफीवरच्या पुस्तकात पानंच्या पानं यावर आहेत. तुम्हाला जे रिकामं वाटतंय ते त्या लोकांच्या हातात वजन असलेली वस्तू होती. हे कळल्यापासून मला ती पोस्टरं रिकामी दिसतच नाहीत.

ग्रिडबद्दल लोक फार बोलतात म्हणून थोडंसं. पान उभ्या-आडव्या सारख्या भागांत वाटून घ्यायचं आणि फोटो, मथळा, मजकूर सगळं त्या रेषांना धरून लावायचं, बस. 1958 ते 1965 या काळात झुरिकहून नोये ग्राफिक नावाचं मासिक निघायचं, त्याने ही पद्धत जगभर पोचवली, म्युलर-ब्रोकमान त्याच्या चार संपादकांपैकी एक. पण ग्रिडमुळे डिझाइन चांगलं होतं हे मला अजिबात पटत नाही, ग्रिड फक्त पर्याय कमी करतो, त्या उरलेल्या पर्यायांतून निवडायला डोळाच लागतो. आर्मिन होफमान या स्विस डिझायनरचं 1959 चं जिझेल बॅलेचं पोस्टर बघा. काळ्यावर गिरकी घेणारी नर्तिका, फोटो मुद्दाम धूसर, आणि डाव्या बाजूला खालून वर उभं लिहिलेलं नाव, खांबासारखं निश्चल. ते नाव स्थिर आहे म्हणून ती फिरतेय. नाव आडवं केलं तर ती थांबेल, मनात करून बघा.

फॉन्टकडे येतो, कारण टायपोग्राफीचा खरा आनंद इथे आहे आणि बहुतेक जण "सगळे सारखेच दिसतात" म्हणून इथूनच परत फिरतात. त्याला एक कारण आपल्या लिपीचंही असावं असं मला वाटतं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, आपला डोळा वरून खाली येतो, रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात. त्यामुळे रोमन टाइप बघताना आधी पायाशी बघा, मग अक्षरांच्या पोटातली जागा बघा, मग टोकं कशी कापलीयत ते. हेल्वेटिका घ्या. 1957 मध्ये बाझलजवळच्या हास टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे ओतून विकणाऱ्या कारखान्यात, एडुआर्ड होफमानने ती मॅक्स मीडिंगरकडून करून घेतली, तेव्हा नाव नोये हास ग्रोटेस्क होतं, हेल्वेटिका हे नाव 1960 मध्ये आलं, स्वित्झर्लंडच्या लॅटिन नावावरून. आणि कारण अगदी व्यवहाराचं होतं, स्विस डिझायनर सगळीकडे बर्लिनच्या बेर्टहोल्ड फाउंड्रीचा अक्सिडेंझ ग्रोटेस्क हा जुना टाइप वापरत होते आणि हासला त्याच्या तोडीचं काहीतरी स्वतःचं विकायचं होतं. दोन्ही शेजारी ठेवून स्मॉल सी, ई आणि एस बघा. जुन्यात टोकं तिरपी कापलीयत, हेल्वेटिकात बरोब्बर आडवी. एवढ्याशा कापामुळे अक्षर स्वतःतच बंद होतं, आतलं पांढरं कोंडलं जातं आणि ओळ घट्ट दिसते. कॅपिटल आर चा पाय बघा, हेल्वेटिकात तो जवळजवळ सरळ खाली उतरतो.

त्याच 1957 साली पॅरिसमध्ये आड्रियन फ्रुटिगर या दुसऱ्या स्विस माणसाचा युनिव्हर्स आला आणि माझा जीव खरं तर यात जास्त आहे. फ्रुटिगरने एक टाइप काढून नंतर जाड, बारीक, तिरका असे भाऊबंद जोडले नाहीत, पहिल्यापासून 21 प्रकारांचं अख्खं कुटुंब एकत्र आखलं आणि त्यांना नावांऐवजी आकडे दिले. मधला 55. पहिला आकडा जाडी सांगतो, दुसरा रुंदी आणि तिरकेपणा, म्हणजे 65 जाड, 45 बारीक, 56 तिरका, 57 अरुंद. भाषा कुठलीही असो आकडा तोच. हा तक्ता मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ बघत बसलो होतो, एखाद्या रागाचा विस्तार आधीच पूर्ण डोक्यात असावा तसं ते आहे. आणि कॅपिटल जी बघा, हेल्वेटिकात त्याला खाली छोटी टाच असते, युनिव्हर्समध्ये नसते. हे दोन टाइप ओळखायला शिकायला एक संध्याकाळ पुरते, पण नंतर तुम्ही कुठलाही बोर्ड तसाच ओलांडून जाऊ शकत नाही.

हे सगळं एकमताने झालं असंही समजू नका. यान चिखोल्ड हा जर्मन टायपोग्राफर, ज्याने 1928 मध्ये नव्या टायपोग्राफीचं पुस्तक लिहून मधोमध मांडणी टाकून द्या, सॅन्स सेरिफ, म्हणजे टोकांना छोट्या आडव्या रेघा (सेरिफ) नसलेली अक्षरं, वापरा असं ठासून सांगितलं, त्यालाच 1933 मध्ये नाझींनी अटक केली, सुटून तो स्वित्झर्लंडला आला, आणि पुढे स्वतःच्याच नियमांपासून दूर गेला. 1946 मध्ये मॅक्स बिल या स्विस डिझायनरने त्याच्यावर यावरून जाहीर टीका केली तेव्हा त्याने उलट उत्तर दिलं की या शैलीतल्या कठोर शिस्तीचा आग्रह मला नाझींच्या मनोवृत्तीसारखा वाटायला लागलाय. मग 1947 ते 1949 मध्ये त्याने पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनाच्या पुस्तकांची मांडणी घडवली, शांत, पारंपरिक, मधोमध. मला दोघांचंही पटतं आणि या काळाकडे बघताना हा वाद डोक्यात ठेवला की सगळं एकसुरी वाटत नाही.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी, तिथे हात दिसतो. डिझायनर सॉल बासचं 1955 च्या द मॅन विथ द गोल्डन आर्म या चित्रपटाचं काम बघा, काळ्या कागदातून कापल्यासारखा वाकडातिकडा हात, चित्रपट हेरॉइनच्या व्यसनाबद्दल, आणि हिरोच्या देखण्या चेहऱ्याऐवजी हा एक मोडलेला हात. डिझायनर पॉल रँडने 1956 मध्ये आयबीएमचा लोगो केला तेव्हा अडचण अशी होती की आय अरुंद, बी मध्यम, एम रुंद, तीन अक्षरं एकत्र नांदतच नाहीत, ती अखेर 1972 मध्ये सुटली, आडव्या आठ पट्ट्यांनी तिघांना शिवून टाकलं. आणि ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीची कव्हरं तर बघाच. रीड माइल्स नावाच्या एकाच माणसाने 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1967 पर्यंत सुमारे 500 कव्हरं केली, फोटो बहुतेक फ्रान्सिस वुल्फचे. पैसे कमी म्हणून कितीतरी कव्हरांना काळा आणि वर एखादा रंग एवढंच मिळायचं. जॅकी मॅकलीनच्या इट्स टाइम या रेकॉर्डवर त्याने उद्गारचिन्हांनीच जवळपास सगळं कव्हर भरून टाकलंय, संगीतकाराचा फोटो वर कोपऱ्यात एवढासा. आणि माइल्सला स्वतःला जॅझची फारशी आवड नव्हती, तो शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत ऐकणारा. तरी ती कव्हरं ऐकू येतात.

एक सावधगिरी. आज मिड-सेंच्युरी (विसाव्या शतकाच्या मध्याची शैली) म्हणून जे विकलं जातं, पिवळट केलेला कागद, मुद्दाम झिजवलेली अक्षरं, त्यावरून हा काळ पारखू नका. ती माणसं आपलं काम जुनं दिसावं म्हणून झटत नव्हती, त्यांची शाई ताजी होती. शक्य असेल तिथे मूळ पोस्टर प्रत्यक्ष बघा, स्विस पोस्टराचं ठरलेलं माप 90.5 बाय 128 सेंटिमीटर, म्हणजे समोर उभं राहिलं की ते छातीपेक्षा मोठं असतं. मोबाइलच्या स्क्रीनवर जी जागा रिकामी वाटते तिच्यासमोर तिथे तुम्ही उभे असता.

शेवटी ब्रिटनमधल्या रस्त्यांच्या पाट्यांचं सांगतो, कारण "हे सगळं फक्त उपयुक्ततेतून आलं" असं तुम्हाला जागोजागी वाचायला मिळेल. 1957 पासून जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आधी मोटरवेसाठी आणि मग सगळ्या रस्त्यांसाठी पाट्या केल्या, त्यासाठी ट्रान्सपोर्ट नावाचा टाइप काढला, पहिलं अक्षर कॅपिटल आणि बाकी स्मॉल, कारण वेगात जाणारा माणूस अक्षरं सुटी वाचत नाही, शब्दाचा आकार ओळखतो. डेव्हिड किंडर्सली या अक्षर कोरणाऱ्या कारागिराचं म्हणणं उलट होतं, सगळी कॅपिटल, तीही सेरिफवाली. मग बेन्सनच्या विमानतळावर चाचणी घेतली, माणसं बसवली आणि गाडीवर पाट्या लावून त्यांच्या दिशेने आणल्या, कोणती किती लांबून वाचता येते ते मोजलं. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघालाच नाही. आणि किनिअर-कॅल्व्हर्टची पाटी निवडली गेली ती दिसायला चांगली आहे म्हणून. नंतर शाळेजवळच्या पाटीसाठी कॅल्व्हर्टने लहान मुलाला हाताला धरून नेणारी मुलगी काढली, स्वतःच्या लहानपणच्या फोटोवरून. ती मुलगी 1965 पासून तिथल्या रस्त्यांवर आहे. तिची इमेज मोठी करून बघा, दोघांच्या हातांमधला तो पांढरा त्रिकोण आहे ना, तिथून सुरुवात करा.