‘नियम पाळणे’ आणि ‘नियम लागू पडणे’

परभणीच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, तिने निबंधाला ‘भांडवलशाही आर्थिक विकासाचे सर्वसाधारण नियम पाळते का?’ असे शीर्षक दिले असता मैत्रिणीने ‘नियम’ऐवजी ‘कायदे’ सुचवले. तर यांतले बरोबर कोणते? माझ्या मते ‘नियम’ हाच शब्द बरोबर आहे. शीर्षकातली खरी अडचण ‘पाळते’ या क्रियापदात आहे.

‘कायदा’ मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ पाया, आणि त्यावरून रीत, पद्धत. उर्दू शिकणाऱ्या मुलाच्या पहिल्या पुस्तकाला ‘कायदा’ म्हणतात, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको. मराठीत मात्र हा शब्द सत्तेने घातलेल्या आणि मोडल्यास शिक्षा असलेल्या बंधनापुरता उरला. जर्मन ‘गेझेट्झ’ आणि इंग्रजी ‘लॉ’ यांत सरकारचा कायदा आणि निसर्गाचा नियम हे दोन्ही अर्थ मावतात. मराठीने त्यांची वाटणी केली, म्हणून न्यूटनचे गतीविषयक ‘नियम’ असतात, ‘कायदे’ नसतात. ‘भांडवलशाही’तल्या ‘शाही’मुळेही गोंधळ वाढत असावा. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागात ‘शाही’ म्हटले की राज्यकर्ता डोळ्यांपुढे येतो आणि राज्यकर्ता म्हटला की कायदा आलाच.

आता ‘नियम’. याचेच घरगुती रूप ‘नेम’, आणि त्याचे दोन वापर पाहण्यासारखे आहेत. आजी एकादशीचा नेम पाळते, तेव्हा तो तिने आपणहून स्वीकारलेला असतो आणि मोडणेही तिच्याच हाती असते. उलट ‘पावसाचा काही नेम नाही’ म्हणताना पावसाने काही व्रत मोडले असे कोणाला सुचवायचे नसते. घडण्यात ठरावीकपणा नाही, एवढेच म्हणायचे असते. पहिल्या अर्थाला पाळणारा लागतो, दुसऱ्याला लागत नाही. अर्थशास्त्रातला नियम या दुसऱ्या घरचा आहे. म्हणून भांडवलशाही नियम ‘पाळते का’ असे न विचारता, तिला ते ‘लागू पडतात का’ असे विचारावे.

पण अर्थशास्त्रातला नियम कितपत लागू पडतो? लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी ‘भावाचा काही नेम नाही’ म्हणतो, आणि त्याच दमात ‘दिवाळीच्या सुमारास आवक वाढली की भाव उतरतोच’ असेही म्हणतो. यात विसंगती नाही. उद्याचा आकडा त्याला सांगता येत नाही, कल मात्र सांगता येतो. बाहेरून मागणी वाढली तर आवक वाढूनही भाव टिकेल, हेही त्याला ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातल्या मागणीच्या नियमामागे ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ ही अट येते ती याचसाठी. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली अर्थशास्त्राच्या नियमांची तुलना गुरुत्वाकर्षणाशी न करता भरती-ओहोटीच्या नियमांशी केली, त्यामागेही हीच समजूत होती.

मार्क्स यांनी 1867 च्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या प्रस्तावनेत आधुनिक समाजाच्या गतीचा आर्थिक नियम उलगडणे हे आपले उद्दिष्ट सांगितले. तरीही नफ्याचा दर घसरण्याविषयी लिहिताना ते ‘घसरण्याच्या प्रवृत्तीचा नियम’ म्हणतात आणि तिला अडवणारी कारणेही देतात. मराठीत हा ‘प्रवृत्ती’ शब्द गाळून नुसता ‘नफा घटण्याचा नियम’ लिहिला जातो, तेव्हा मूळ म्हणणे बिघडते.

‘सर्वसाधारण’ हे विशेषणही जपून वापरावे. भांडवलशाहीत मजूर ‘मुक्त’ असतो, म्हणजे तो कोणाचा बांधील नसतो आणि श्रमशक्ती विकण्यावाचून त्याच्याकडे दुसरे साधनही नसते, असे मार्क्स यांचे प्रतिपादन आहे. बीड जिल्ह्यातून उसाच्या फडावर जाणारे जोडपे पाहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून ‘उचल’ आधीच घेतलेली असते, मजुरी टनावर ठरते, आणि हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. ज्या कारखान्यासाठी ऊस तोडायचा, तो यंत्रावर चालतो. भांडवल आले की अशी बांधिलकी आपोआप सुटते, हा नियम सर्वसाधारण मानला तर हा कोयता कुठे बसवायचा? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘सर्वसाधारण’ या एका शब्दाने अशा लाखो माणसांना अपवादाच्या रकान्यात टाकले जाते. स्वतः मार्क्स यांनी 1881 साली रशियन क्रांतिकारक वेरा झासुलिच यांना कळवले होते की, आपण वर्णन केलेली ऐतिहासिक अपरिहार्यता पश्चिम युरोपातील देशांपुरतीच मर्यादित आहे.

तेव्हा शीर्षक असे करता येईल: ‘आर्थिक विकासाचे नियम भांडवलशाहीला सर्वत्र सारखेच लागू पडतात का?’ आणि निबंधात ऊसतोडीचा उल्लेख येणार असेल, तर ‘उचल’ला ‘आगाऊ रक्कम’ असा पर्याय देऊ नये. आगाऊ रक्कम कामात वळती झाली की संपते; उचल फिटेपर्यंत माणसाला बांधून ठेवते.