वजनकाट्यावर न मावणारा थर

प्रश्न : हार्ड डिस्कवरचा कार्बनचा संरक्षक थर जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो. मग त्याची घनता आणि त्यातले घटक कसे मोजतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : मी प्रयोगशाळेत हेच काम करते. नमुना आला की आधी क्ष-किरण परावर्तन. गुळगुळीत सिलिकॉनवर चढवलेल्या थरावर किरण अगदी निसटता सोडायचा, पाव अंशाच्या आसपास. ठरावीक कोनापर्यंत तो जवळजवळ सगळा परततो, पुढे आत शिरू लागतो. थर जितका घन, तितका हा कोन मोठा. त्यापुढच्या आलेखात लाटा दिसतात. त्यांच्यातल्या अंतरावरून जाडी कळते. ग्राफाइटची घनता २.२६, हिऱ्याची ३.५१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. हायड्रोजनविरहित उत्तम थर ३ च्या पुढे जातो.

घटकांमध्ये खरी अडचण हायड्रोजनची. तो वाढला की थर सहसा मऊ होतो, आणि क्ष-किरणांना तो जवळपास दिसतच नाही. तिथे हेलियमचे आयन तिरपे मारतात. कॅरमच्या स्ट्रायकरसारखा जड हेलियम हलक्या हायड्रोजनला पुढे उडवतो. ते उडालेले अणू मोजायचे. नुसत्या रामन आलेखावरून (लेसरचा प्रकाश थरावरून विखुरल्यावर मिळणाऱ्या वर्णपटावरून) घनता सांगणारा अहवाल मी तरी स्वीकारत नाही.