ऑस्ट्रेलियात वीजतंत्री: मूल्यांकन वेगळे, परवाना वेगळा

फोंडा तालुक्यातील एका पालकांचे पत्र: माझा मुलगा आयटीआयमधून वीजतंत्री ट्रेडचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून गेली पाच वर्षे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. त्याला ऑस्ट्रेलियाला जायचे आहे. मडगावचा एक एजंट साडेतीन लाख रुपयांत तिथले इलेक्ट्रिशियनचे लायसन इथूनच काढून देण्याची हमी देतो. नातेवाईक मात्र म्हणतात की माझ्या वडिलांचा जन्म १९६१ च्या आधी गोव्यातच झाल्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट काढावा, मग कोणत्याही प्रमाणपत्राची गरज उरत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण पैसे भरण्याआधी विचारलेत, याचा मला फार आनंद झाला. एजंटाने जी हमी दिली आहे ती देण्याचा अधिकार त्याला नाही. तो परवाना भारतात बसून कोणालाच मिळवून देता येत नाही.

ऑस्ट्रेलियात वीजतंत्र्याला दोन दारे ओलांडावी लागतात आणि एजंट त्या दोन्हींना एकच नाव देतो. पहिले दार कौशल्य मूल्यांकनाचे. ते काम ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही तिथल्या केंद्र सरकारची संस्था पाहते आणि वेटॅसेससारख्या तिने मान्यता दिलेल्या संस्था प्रत्यक्ष परीक्षण करतात. आधी कागदपत्रे तपासली जातात, त्यानंतर तांत्रिक मुलाखत आणि प्रात्यक्षिक होते. वीजकाम हा तिथे परवान्याशिवाय करता न येणारा व्यवसाय असल्यामुळे यशस्वी उमेदवाराला या टप्प्यावर संपूर्ण पात्रता मिळत नाही, तर 'ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड' नावाचा दाखला मिळतो. व्हिसासाठी कौशल्याचा पुरावा म्हणून तो चालतो, पण त्याच्या आधारे एकट्याने एखादे सॉकेटदेखील बसवता येत नाही. दुसरे दार परवान्याचे आणि ते ज्या त्या राज्याच्या हाती असते. उदाहरणार्थ, व्हिक्टोरियात हे काम एनर्जी सेफ व्हिक्टोरियाकडे आहे. तिथे पोहोचल्यावर मर्यादित परवाना घ्यायचा, परवानाधारक वीजतंत्र्याच्या देखरेखीखाली साधारण वर्षभर काम करायचे, त्याच काळात ऑस्ट्रेलियन नियमांचे पूरक प्रशिक्षण पूर्ण करायचे, मग 'सर्टिफिकेट थ्री' ही पात्रता आणि शेवटी पूर्ण परवाना, असा तो क्रम आहे. ते पहिले वर्ष कमी पगाराचे जाईल हे गृहीत धरूनच घरच्या पैशांचा हिशेब मांडावा.

इतकी वर्षे मोटारी आणि पॅनल सांभाळलेल्या मुलाला पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली उभे राहावे लागणार, याचे आपल्याला वाईट वाटेल. पण यात त्याच्या कौशल्याचा अपमान नाही. आपल्याकडे घराच्या बोर्डात न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) एकमेकांना जोडणे ही गंभीर चूक समजली जाते. ऑस्ट्रेलियात मात्र प्रत्येक इमारतीच्या मुख्य स्विचबोर्डवर ही दोन्ही नियमानुसारच जोडलेली असतात. युरोपात तर तारांचे रंगच फसवतात. आपला वीजतंत्री निळ्या तारेला तिसरा फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार, आणि काळीला न्यूट्रल समजतो, तर तिथे निळी तार न्यूट्रल असते आणि काळी फेज. हात सवयीने चालतो, आणि हीच सवय परक्या देशात जीवघेणी ठरू शकते. त्यातच ऑस्ट्रेलियातला वीजतंत्री साधारण चार वर्षांची शिकाऊ उमेदवारी करून तयार होतो, त्यामुळे आपली दोन वर्षांची आयटीआय एकटी पुरत नाही. उरलेले अंतर अनुभवाने भरून काढावे लागते.

आणि हा अनुभव कागदावर सिद्ध करणे, हीच माझ्या मते आपल्या चिरंजीवांची खरी परीक्षा आहे. वेर्णा, कुंडई आणि बेतोड्याच्या वसाहतींतील अनेक मुले कारखान्यात काम करतात, पण त्यांची नोंद कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते आणि तिथे हुद्द्याच्या रकान्यात 'हेल्पर' असे लिहिलेले असते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने सहा वर्षे एका कारखान्याचे पॅनल सांभाळले होते. दाखला मागायला गेला तेव्हा कंत्राटदार बदललेला होता आणि कारखान्याने हा आमचा कामगारच नव्हे असे उत्तर दिले. ती सहा वर्षे सिद्ध करताना आम्हा दोघांची जी दमछाक झाली, ती आपल्या वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते. म्हणून आपल्या मुलाची नेमणूक कोणाच्या नावाने आहे, हे आधी पाहावे. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी आणि फॉर्म १६ हे तिन्ही आजच उतरवून ठेवावेत, कारण पगारी नोकरीचा याहून भक्कम पुरावा नाही. अनुभवाच्या दाखल्यात नुसते 'वर्तणूक चांगली' असे असून चालत नाही. मोटर कंट्रोल पॅनलची जोडणी, केबल टाकणे, अर्थिंगचे मोजमाप, मेगरने इन्सुलेशनची तपासणी, दोष शोधणे यांपैकी जे काम त्याने खरोखर केले असेल ते तारखांसह लिहिलेले असावे, आणि ज्यांच्याशी परीक्षक संपर्क साधू शकतील अशा वरिष्ठांची सही त्यावर असावी. कारखान्याची परवानगी असल्यास काम करतानाची छायाचित्रेही जपून ठेवावीत. त्याने न केलेले काम दाखल्यात मुळीच लिहून घेऊ नये, कारण तांत्रिक मुलाखतीत त्याच कामाबद्दल विचारले जाते.

जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच आहे का, हेही पडताळून पाहावे. आपल्या भागात आडनाव कधी गावाचे तर कधी कुळाचे लागते, आणि कागदोकागदी ते बदलते. गोव्यात नाव व आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार दुरुस्ती करायची झाल्यास वेळ लागतो, म्हणून ते काम अर्जाच्या आधी उरकावे.

आता पोर्तुगीज पासपोर्टबद्दल. नातेवाईक जे सांगतात त्यातील अर्धे खरे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना तो मार्ग खुला आहे आणि त्यामुळे युरोपीय संघात राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळतो. परंतु ऑस्ट्रेलियाच्या परवान्याशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि ब्रिटनमधील मुक्त प्रवेशाची सोय २०२० अखेर संपली आहे. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही, त्यामुळे मुलाला भारतीय नागरिकत्व सोडावे लागेल. हा निर्णय एका नोकरीच्या मापाने घेण्याजोगा नाही. युरोपात जाऊनही पात्रतेचा प्रश्न उरतोच. जर्मनीत कारखान्याच्या देखभालीतील वीजतंत्र्याचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. त्याच्याशी आपल्या प्रमाणपत्राची तुलना न्यूरेंबर्गची 'आयएचके फोसा' ही संस्था करते आणि काय कमी पडते ते लेखी कळवते. तिथे आधी जर्मन भाषा शिकावी लागेल. मुलाची तशी तयारी असेल तर हा मार्ग वाईट नाही. पण त्याने स्वतः ऑस्ट्रेलिया निवडली असेल, तर माझा सल्ला त्याच दिशेने जाण्याचा आहे.

एजंटाला मात्र एक प्रश्न लेखी विचारावा: साडेतीन लाखांपैकी किती रक्कम मूल्यांकन संस्थेला जाणार आणि त्याची पावती कोणाच्या नावाने येणार? मूल्यांकनाचा अर्ज उमेदवार स्वतः भरू शकतो, त्यासाठी मध्यस्थ सक्तीचा नाही. एजंट नोकरीही लावून देतो असे म्हणत असेल, तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावी. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात.

पहिले काम म्हणून चिरंजीवांनी या आठवड्यात नेमणूकपत्र आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक शेजारी ठेवून दोन्हींवर मालकाचे नाव एकच आहे का ते पाहावे. ते वेगळे निघाले, तर सध्याचे वरिष्ठ नोकरीत असेपर्यंतच त्यांच्याकडून कामाच्या तपशिलाचे पत्र मागून घ्यावे आणि त्याची प्रत मला पाठवावी. त्यातील मजकूर मूल्यांकनाला पुरेसा आहे की नाही, ते मी वाचून सांगेन.